आईची डबल बेल

भाऊ, आई अजून रडलेली नाही.

तुला आणलं तेव्हा नाही, नेलं तेव्हा नाही, आणि काल तुझा जलदानविधी झाला तेव्हाही नाही. अख्खी गल्ली रडली. डेपोतले तुझे जोडीदार सोनवणे ड्रायव्हर, ज्यांना शिव्यांशिवाय दुसरं काही बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, ते भिंतीला कपाळ टेकून लहान पोरासारखे रडले. आई खाटेवर बसून होती, दाराकडे तोंड करून. कोणी जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला की म्हणायची, "ड्युटीवर जायेल शे तो. रावेरनी गाडी शे, मुक्कामी. येई सकायले."

रावेरच्या मुक्कामीच गेलास ना तू, म्हणून. गाडी लावलीस, डबा खाल्लास, आडवा झालास, आणि सकाळी उठलाच नाहीस. तुला घरी आणलं तेव्हा आईने तुझ्या कपाळावरून हात फिरवला आणि उलट आम्हालाच दटावलं, "थकी जायेल शे तो, कल्ला नका करू." तेव्हापासून रोज संध्याकाळी ती वहिनीला तुझं ताट वाढायला लावते. वहिनी वाढते, झाकून ठेवते, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडते. त्या बाईच्या जिवाचं काय होत असेल, तूच सांग.

डॉक्टर म्हणतात, म्हातारीला रडवा, नाहीतर ती खचेल. रडवा म्हणे! हे काम तुझं होतं. तिला हसवायचं, चिडवायचं, रागवायचं, जेवायला बसवायचं, सगळं खातं तुझ्याकडे. मी आपली जळगावहून सणावाराला यायची, भाकरी खायची आणि तुझ्याशी भांडून परत जायची. मला कुठे जमतंय तुझं काम?

मी रागावलेय तुझ्यावर. जायचा नंबर तुझा नव्हता, हे तुलाही पक्कं ठाऊक होतं. आपण लुंबिनीला गेलो तेच मुळी त्यासाठी.

आठवतं? आईचं हृदय वाढलंय, काय दाखवायचं ते दाखवून घ्या, असं त्या डॉक्टरने सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तू एसटीडी बूथवरून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन केलास. मी पीठ मळत होते, तशीच धावले. "मास्तरीण, रजा टाक. आईले परदेशात लई जानं शे."

"परदेशात? कुठे?"

"लुंबिनी."

"अरे भाऊ, ते नेपाळ झालं."

"मंग नेपाळ काय तुन्हा सासरानं गाव शे का?"

इथे जो आपला वाद सुरू झाला, तो झालाच. पासपोर्ट नाही, विमान नाही, जीपने जायचं नि जीपने यायचं, हा कसला परदेश? मी म्हणायची, भुसावळला जाऊन आल्यासारखं आहे ते. तू म्हणायचास, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे असतं, पाव तासाचा का होईना, परदेश. आणि तिकडून आल्यावर तू तुझं घड्याळ मागे घेतलंच नाहीस! डेपोत वेळेआधी पोचायला बरं पडतं, ही सबब. खरं म्हणजे मी दिसले की मनगट माझ्या नाकासमोर नाचवायचं होतं तुला. आता ते घड्याळ वहिनीने बुद्धाच्या मूर्तीजवळ ठेवलंय. अजून पाव तास पुढेच चालतंय.

वर्षभर बस चालवणाऱ्या माणसाने रजा काढून आणखी गाडीच चालवायची, याला काय म्हणावं? वहिनी किती चिडली होती! "सुट्टीतबी स्टेरिंगच का?" पण तुला दुसऱ्या कोणाच्या हातात आई द्यायची नव्हती. ओळखीची जीप आणलीस. पुढे आई, मधे वहिनी, मी आणि आमचे हे, मागे पोरं, वर टपावर गाद्या नि स्टोव्ह. कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, पापड. वहिनीने एवढं बांधून घेतलं होतं की आमचे हे म्हणाले, नेपाळात आपण खानावळ टाकणार आहोत का?

आणि ती डबल बेल. मी तर कपाळावर हात मारून घेतला होता. धुळ्यातून निघताना तू इंजिन चालू केलंस, गाडीभोवती एक चक्कर मारलीस, टायरला लाथ घातलीस, सीटवर येऊन बसलास, आणि गाडी काही हलेना. आम्ही आपले बघतोय. तू म्हणालास, "बेल?"

"कसली बेल?" मी.

"डबल बेल भेटल्याबिगर मी गाडी काढत नसतो."

जीपला कुठली आली घंटी? मग तूच तोड काढलीस. "आई, आजपासून तू कंडक्टर. बठ्ठा बठनात का, ते देख. नि दार दोनदा ठोक." आई आधी लाजली. मग सगळे बसले का म्हणून वळून एकेकाकडे नीट बघितलं, पोरांची डोकी मोजली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि पत्र्यावर दोनदा मारलं. ठक ठक. गाडी निघाली. गल्लीतल्या बाया हसत होत्या आणि आईचं तोंड असं फुललं होतं की जणू तिनेच धक्का मारून गाडी सुरू केली.

पुढे तिने ते काम फारच मनावर घेतलं. चहाला थांबा, पेट्रोलला थांबा, पोरांच्या एक नंबरला थांबा, निघताना आईची बेल पाहिजेच. शिवपुरीच्या पुढे तुझं नि माझं कडाक्याचं वाजलं, आठवतं ना? रस्ता चुकलो होतो आणि दोघंही चूक कबूल करायला तयार नव्हतो. जेवायला थांबलो तेव्हा तू एका झाडाखाली, मी दुसऱ्या. परत गाडीत बसलो, तू इंजिन चालू केलंस, आणि आई हाताची घडी घालून समोर बघत बसली. बेल नाही. "आई, ठोक ना." नाही. "आई, उशीर व्हई ऱ्हायना." तरी नाही. शेवटी म्हणाली, "पहिले बोला एकमेकसंगे. गाडीमा बठ्ठा नीट बठेल पाहिजेत." वहिनी पदरात तोंड खुपसून हसायला लागली. मग काय करतोस, मागे वळून तूच म्हणालास, "मास्तरीण, तुन्हंच खरं, चाल." ठक ठक.

म्हणून सांगते, तुला न्यायच्या दिवशी काय झालं ते. शववाहिका सोनवणेंनीच चालवली. दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. तुला आत ठेवलं, सगळे बसले, इंजिन चालू झालं, आणि सोनवणे नुसते स्टेअरिंग धरून बसून राहिले. उगाच नाही, सवय. ते आईकडे बघत होते. तू डेपोत सगळ्यांना सांगितलेलं होतंस ना, माझ्या आईच्या बेलवर मी परदेशात जाऊन आलो म्हणून. आई ओट्यावर उभी होती, दोन पावलांवर पत्रा होता. तिने हात उचलला नाही. मी बघत होते, तिची बोटं पदराशी घट्ट होती. मग बेलशिवायच गेलास तू.

गोरखपूरच्या अलीकडे आपण पांढरे कपडे घातले. त्याच दिवशी लुंबिनीत वंदना करायची होती, तिथे पोचून कुठे बदलत बसणार? बायका सगळ्या पांढऱ्या साडीत, तुम्ही दोघं पांढऱ्या सदऱ्यात, पोरंसुद्धा पांढरी. आईची ती नवी साडी, बारीक निळ्या काठाची. आपल्याला काय त्यात, आपण वैशाख पौर्णिमेला विहारात असेच तर जातो. पण तो ढाबेवाला! आपण खाली उतरलो, आईला तू हाताला धरून आणलंस, आणि त्याचा चेहराच पडला. लगबगीने गेला आणि रेडिओवर झकास गाणं लागलं होतं ते बंद केलं. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून आधी आपल्याला चटया टाकल्या. मग हात जोडून तुझ्याजवळ आला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कौन गुजर गया, बाबूजी?"

तू क्षणभर त्याच्याकडे बघितलंस, मग आम्हा सगळ्यांकडे बघितलंस आणि गंभीर तोंड करून म्हणालास, "अभी कोई नहीं।"

आधी आमचे हे फुटले. मग वहिनी, मग मी, मग पोरं. पाणी नाकातोंडात जाईपर्यंत हसलो. त्या बिचाऱ्याला वाटलं, दुःखाने यांचं डोकं फिरलंय. त्याने आणखी एक वाटी डाळ आणून ठेवली. आई मात्र हसली नाही. तुझ्या पाठीत धपाटा घातला, "असं बोलू नही रे भाऊ." तिला ठाऊक होतं आपण तिला कशासाठी नेतोय ते. आपल्याला वाटायचं तिला ठाऊक नाही.

आता त्या ढाबेवाल्याची आठवण आली की मला हसू येतं आणि त्याच दमात तुझा रागही येतो. त्या चटईवर बसलेल्यांपैकी कोण आधी, हे विचारलं असतं तर आपण सगळ्यांनी एका बोटाने आईकडे दाखवलं असतं. आणि तू, मेल्या, तिचा हात धरून बसला होतास.

मग हद्द आली. मला वाटलं होतं, मोठं काही असेल. एक कमान, धूळ, सायकलरिक्षा, ट्रक, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं इकडून तिकडे. बाजारच म्हण. तू जीप अलीकडेच बाजूला लावलीस आणि हुकूम सोडलास, "बठ्ठा उतरा. हद्द गाडीत बसून ओलांडायची नाही. पायाने ओलांडायची. आणि चपला घालून."

सीटखालून तू एक पुडकं काढलंस. आईसाठी नव्या चपला. धुळ्याहून आणल्या होत्यास, कोणाला कळू न देता. मला आधी कळलंच नाही. आईला कळलं. आपल्या गावात आबा पाटलाच्या दारापुढून जाताना आपल्या वस्तीतले लोक वहाणा काढून हातात घ्यायचे, आणि आई नवी नवरी होऊन आली तेव्हा तिलाही सासूने पहिल्याच दिवशी तेच शिकवलं होतं. आबा गेले, ते दिवसही गेले, पाटलांची नातवंडं तुझ्या बसमधून कॉलेजला जायला लागली. तरी आई गावात गेली की त्या वळणावर तिचा पाय अडखळायचा. ते तू कधी बघितलं होतंस कोण जाणे.

तू खाली उकिडवा बसलास आणि तिच्या पायात चपला चढवल्यास. एका हाताला तू, एका हाताला मी. तुझ्या वरच्या खिशात सगळे कागद, रेशनकार्डापासून डेपोच्या ओळखपत्रापर्यंत, आणि तू छाती फुगवून चाललेला. आपण कमानीखालून गेलो. पोलीस होता, तो तंबाखू मळत होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही. आपण पलीकडे पोचलोसुद्धा! तुझा तर हिरमोडच झाला. परत मागे गेलास आणि त्याला सांगितलंस, "साहब, हम महाराष्ट्र से आया है।" तो म्हणाला, "जाइए, जाइए."

आई पलीकडच्या एका दगडावर बसली. पायातल्या चपलांकडे बघत म्हणाली, "कोनी इचारंच नही रे भाऊ. कोन शेतस, कोठला शेतस, कोनी इचारंच नही." आणि रडायला लागली. पदर तोंडाला न लावता, सगळ्या बाजारात, मोठ्याने. आमचे हे घाबरले, त्यांना वाटलं छातीत दुखतंय. तू त्यांना थांबवलंस. तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसलास. तिचं रडून झालं, तेव्हा मनगटावरचं घड्याळ पाव तास पुढे केलंस आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "काय मास्तरीण, शे का नही परदेश?"

मी तेव्हाही म्हटलं, नाही.

लुंबिनीत मायादेवीचं देऊळ खणून ठेवलेलं होतं, वर पत्रे घातलेले. आई म्हणाली, "इतला दूर उनूत नि यास्नी बठ्ठं खंदी ठेवेल शे." पण अशोकाच्या खांबाला लावलेला हात तिने लवकर काढलाच नाही. तळ्याकाठच्या पिंपळाखाली आपण त्रिशरण म्हटलं. तुझा आवाज किती भसाडा! कुठून कुठून आलेले भिक्खू वळून बघत होते. पण तू डोळे मिटून म्हणत होतास आणि तुझ्या मागोमाग आई म्हणत होती. मला त्या क्षणी वाटलं, आता हिला काही झालं तरी चालेल. इतकं सुख मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. ते तू दिलंस. भाऊ, हे मी तुला कधी सांगितलंच नाही. सांगायला गेले असते तर तू म्हणाला असतास, "मंग बोल, परदेश शे." म्हणून राहूनच गेलं.

घरी आल्यावर आईने ती निळ्या काठाची साडी धुऊन घडी घातली आणि पेटीत ठेवली. वहिनीला आपल्या शेवटच्या दिवसासाठी बजावलं, "आते माले हाईच नेसाडज्यात." तू दारातून ओरडलास, "अभी कोई नहीं, आई!" आणि खरंच, त्या डॉक्टरला खोटं पाडून आई उभी राहिली. परत नळावर भांडायला लागली. पावसाळे गेले, साडी पेटीतच राहिली. आपण सगळे निर्धास्त झालो. तुझ्या छातीत काही होतंय का, हे कोणी विचारलं? तूही सांगितलं नाहीस. आईच्या गोळ्या तेवढ्या वेळेवर आणत राहिलास.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. हात चालेना म्हणून कागद घडी करून ठेवले. आजचं आज लिहिते.

आज तुझ्या अस्थी गावी न्यायच्या होत्या, तापीकाठी, विहारामागच्या पिंपळाखाली. आईला न्यायचं नाही असं मी नि वहिनीने ठरवलं होतं. आणि सकाळी बघतो तर आई पेटी उघडून बसलेली. ती साडी काढली होती. आमच्या कोणाकडे न बघता नेसली, निऱ्या नीट केल्या, चपला घातल्या. त्याच. आणि खाली येऊन जीपमध्ये पुढे बसली. सोनवणे जीप घेऊन आले होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. तीच माणसं, त्याच जागा. वहिनीच्या मांडीवर तुझा कलश, आणि स्टेअरिंगवर तेवढा तू नाहीस. निघताना सोनवणेंनी वाट बघितली. आईने हात बाहेर काढला नाही. मी मागूनच म्हटलं, चला भाऊसाहेब.

नरडाण्याच्या फाट्यावर पोरांना पाणी पाजायला थांबलो. तिथे चहाच्या टपरीशी एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा विकत बसली होती. तिने जीपमधली सगळी पांढरी माणसं बघितली आणि उठून खिडकीशी आली. पलीकडच्या टपरीवाल्याने रेडिओ बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं त्याला.

म्हातारीने आईलाच विचारलं, "कोन गयं वं माय?"

भाऊ, माझ्या तोंडात तुझंच उत्तर आलं. अगदी ओठांवर आलं. अभी कोई नहीं. मला वाटलं, मी हसेन नाहीतर किंचाळेन, म्हणून मी पदर चावला. आता आई म्हणणार, कोनी नही, पोऱ्या ड्युटीवर शे. वहिनीने डोळे मिटून घेतले.

आई त्या म्हातारीकडे बघत राहिली. मग वळून मागे बघितलं. एकेकाकडे, नीट, बेल द्यायच्या आधी बघायची तसं. आमचे हे, मी, पोरं. शेवटी वहिनी, आणि वहिनीच्या मांडीवर. तिथे तिची नजर थांबली.

"मना पोऱ्या गया," आई म्हणाली. "मना भाऊ गया वं माय."

आणि मग रडली. त्या दगडावर रडली होती तशी, पदर तोंडाला न लावता, मोठ्याने. म्हातारीने खिडकीतून हात घालून तिचं डोकं धरलं. ओळख ना पाळख, दोघी रडल्या. मी मधे पडले नाही. तू आमच्या ह्यांना थांबवलं होतंस ना तसं मी पोरांना थांबवलं. तेवढं एक काम तुझ्याकडून शिकले होते.

बऱ्याच वेळाने म्हातारी बाजूला झाली. सोनवणेंनी इंजिन चालू केलं, पण गाडी काही त्यांच्याने काढवेना. स्टेअरिंगवर डोकं ठेवून ते बसून राहिले. परदेशाचा वाद मी अजून सोडलेला नाही, भाऊ, तो मी मरेपर्यंत घालणार आहे. पण त्या वेळी माझ्या मनात तो नव्हता. मी फक्त आईच्या हाताकडे बघत होते.

आईने डोळे पुसले. हात खिडकीबाहेर काढला आणि पत्र्यावर दोनदा मारलं.

गाडी निघाली.